वही व शाईपेनाने दैनंदिन नियोजन

वही व शाईपेनाने दैनंदिन नियोजन म्हणजे रोजची कामे, खर्च, भेटीगाठी, हवामान, आठवणी आणि विचार यांची नोंद कागदी वहीत शाईच्या पेनाने नियमितपणे ठेवण्याची आणि त्या नोंदींच्या आधारे आपला दिवस, आठवडा किंवा हंगाम आखण्याची पद्धत होय. रोजनिशी, टिपणवही, घरखर्चाची वही, व्यापाऱ्याची कीर्द आणि शेतकऱ्याची डायरी ही या पद्धतीची प्रचलित रूपे आहेत. या लेखात मुख्यतः सातारा व सांगली या जिल्ह्यांतील परंपरेचा विचार केला आहे. सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग पूर्वी सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे लेखनाच्या साधनांचा आणि नोंदी ठेवण्याच्या सवयींचा या दोन्ही जिल्ह्यांचा इतिहास मोठ्या प्रमाणात सामाईक आहे.

संज्ञा

नोंदी ठेवण्याशी संबंधित अनेक मराठी शब्द फार्सी व अरबी भाषांतून राज्यकारभाराच्या मार्गाने आले आहेत. 'रोजनिशी' हा शब्द रोज आणि 'नविसी' म्हणजे लेखन यांपासून बनला. कागद, दप्तर, दौत व शाई हे शब्दही त्याच वाटेने मराठीत रुळले. फार्सीत 'सियाही' म्हणजे काळेपणा, त्यावरून शाई. लिहिणारा या अर्थाच्या 'नवीस' या घटकापासून फडणीस व चिटणीस ही पदनामे आणि पुढे आडनावे तयार झाली. दैनंदिनी, लेखणी आणि मसी (शाई) हे शब्द संस्कृतातून आलेले आहेत.

बोरू म्हणजे वेतासारख्या पोकळ काडीला तासून केलेली लेखणी. टाक या शब्दाचा जुन्या मराठीतील अर्थ लेखणी असाच आहे. इंग्रजी अमदानीत दांडीला धातूचे निब बसवून दौतीत बुडवायच्या लेखणीला हे नाव मिळाले. शाई पोटात साठवणाऱ्या पेनाला मराठीत फाउंटन पेन, शाईचे पेन किंवा शाईपेन म्हणतात. 'झरणे' या क्रियापदावरून त्यास 'झरणी' असा प्रतिशब्दही योजला गेला.

इतिहास

समर्थ रामदासांचे लेखनविषयक निरूपण

सातारा परिसरातील लेखनसंस्कृतीचा एक महत्त्वाचा आधार समर्थ रामदासांच्या 'दासबोध' या ग्रंथात सापडतो. सतराव्या शतकातील या संतकवींचे चाफळ व सज्जनगड येथे दीर्घकाळ वास्तव्य होते आणि ही दोन्ही ठिकाणे आजच्या सातारा जिल्ह्यात आहेत. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास 'लेखनक्रियानिरूपण' या नावाचा असून त्यात अक्षर कसे काढावे आणि साहित्य कोणते बाळगावे यांचे व्यावहारिक विवेचन आहे.

समासातील सूचना नेमक्या आहेत. पान आधी शिशाने आखून घ्यावे, दोन ओळींतील अंतर सारखे ठेवावे, एका ओळीतील मात्रा-वेलांट्या दुसऱ्या ओळीला लागू देऊ नयेत आणि पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सर्व लेखन एकाच टाकाने केल्यासारखे दिसावे, असे त्यात सांगितले आहे. पानाच्या भोवती मोकळी जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाही, ही सूचना जतनाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. तरुणपणी काढलेले फार बारीक अक्षर म्हातारपणी स्वतःलाच वाचता येत नाही, म्हणून मध्यम आकाराने लिहावे, असाही सल्ला त्यात आहे. निरनिराळ्या प्रदेशांतील बोरू आणि शाईचा संग्रह करण्याची शिफारसही या समासात केली आहे. हे विवेचन ग्रंथांच्या नकला करणाऱ्या लेखकांसाठी असले, तरी समास, कोरे ओळीअंतर आणि एकसारखे अक्षर हे त्यातील नियम आजच्या वहीलाही लागू पडतात.

मराठेशाहीतील दप्तर

अठराव्या शतकात सातारा ही छत्रपतींची राजधानी होती. तेथील आणि पुढे पुण्यातील कारभारात रोजच्या रोज घडणाऱ्या व्यवहारांची तारीखवार नोंद 'रोजकीर्द' या दप्तरात होत असे. आज्ञापत्रे, नेमणुका, देणग्या व खर्च यांचा त्यात समावेश असे. याच नोंदी पुढे विषयवार किंवा खातेवार लावल्या जात व त्यांवरून ताळेबंद तयार होई. कागदांचे गठ्ठे कापडात बांधून ठेवत आणि अशा प्रत्येक गठ्ठ्याला 'रुमाल' म्हणत. गणेश चिमणाजी वाड यांनी सातारकर महाराज व पेशवे यांच्या रोजनिशींतून निवडलेले उतारे विसाव्या शतकाच्या आरंभी अनेक खंडांत प्रसिद्ध झाले. कारकुनांनी केवळ कामाची आठवण राहावी म्हणून केलेल्या या नोंदी आज मराठ्यांच्या प्रशासनाच्या अभ्यासाचे मूलभूत साधन मानल्या जातात.

आजच्या सांगली जिल्ह्यात मिरज व सांगली ही पटवर्धन घराण्याची संस्थाने होती. मिरजेत शिक्षक असलेले इतिहासकार वासुदेवशास्त्री खरे (१८५८–१९२४) यांनी पटवर्धनांच्या दप्तरातील पत्रांवरून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' ही ग्रंथमाला सिद्ध केली. खाजगी पत्रे व टिपणे यांचे मूल्य काळाबरोबर कसे वाढत जाते, याचे हे या भागातील ठळक उदाहरण आहे.

हे लेखन मुख्यतः मोडी लिपीत होई. मोडी लिहिताना आधी पानभर शिरोरेषा ओढून घेत आणि मग तिच्याखाली हात शक्यतो न उचलता अक्षरे काढत. भरभर लिहिण्याच्या गरजेला ही लिपी सोयीची होती. विसाव्या शतकाच्या मध्यास ती शालेय शिक्षणातून बाहेर पडली आणि अनेक घरांतील जुन्या वह्या त्याच घरातील पुढच्या पिढ्यांना वाचता येईनाशा झाल्या. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्य शासनाने नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात जुन्या मोडी कागदपत्रांचे वाचन आवश्यक ठरले, तेव्हा मोडी जाणणाऱ्यांची उणीव प्रकर्षाने समोर आली.

साक्षरतेचा प्रसार

एकोणिसाव्या शतकापर्यंत नोंदी ठेवणे हे प्रामुख्याने कारकून, कुलकर्णी, सावकार व व्यापारी यांचे काम होते. आपल्या व्यवहाराची नोंद दुसऱ्याच्या वहीत आहे आणि ती आपल्याला वाचता येत नाही, अशी बहुसंख्य शेतकऱ्यांची स्थिती होती. १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध झालेल्या उठावात शेतकऱ्यांनी प्रामुख्याने कर्जरोखे व हिशोबाचे कागद ताब्यात घेऊन जाळले. यावरून लेखी नोंदीवर कोणाचे नियंत्रण आहे, या प्रश्नाचे महत्त्व लक्षात येते.

स्त्रियांच्या बाबतीत हा अडसर अधिक मोठा होता. सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे जन्मलेल्या सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींना शिकवण्याचे काम १८४८ पासून केले. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे जन्मलेल्या रमाबाई रानडे १८७३ मध्ये विवाहानंतर, घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांची नाराजी सोसून, पती न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याकडे लिहिण्या-वाचण्यास शिकल्या. त्यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराडजवळील काले येथे स्थापन केलेल्या आणि पुढे साताऱ्यातून विस्तारलेल्या रयत शिक्षण संस्थेमुळे बहुजन समाजातील मुलांपर्यंत शिक्षण पोहोचले. स्वतःच्या हाताने स्वतःची वही लिहिणे ही सर्वसामान्य कुटुंबांतील गोष्ट बनण्यामागे अशा प्रयत्नांचा मोठा वाटा आहे.

टाकाकडून शाईपेनाकडे

बोरू आणि टाक ही साधने दौतीवर अवलंबून असल्याने प्रवासात किंवा शेताच्या बांधावर गैरसोयीची होती. अमेरिकेतील ल्यूइस वॉटरमन यांनी १८८४ मध्ये शाईचा प्रवाह नियंत्रित करणाऱ्या फाउंटन पेनाचे एकस्व मिळवले आणि त्यानंतर या प्रकारच्या पेनाचा व्यापारी प्रसार वेगाने झाला. भारतात आरंभी परदेशी पेने येत. स्वदेशीच्या चळवळीने देशी पेन व शाई यांच्या निर्मितीस चालना दिली. राजमहेंद्री येथील रत्नम पेन आणि बंगालमधील सुलेखा शाई ही त्या काळातील प्रसिद्ध उदाहरणे आहेत. महाराष्ट्रात दिगंबर परशुराम दांडेकर यांनी आपल्या बंधूंसह १९३१ मध्ये मुंबईत शाईची भुकटी व वड्या यांचे उत्पादन सुरू केले. घोडा छाप शाईपासून सुरू झालेला हा व्यवसाय पुढे कॅमल शाई आणि कॅम्लिन या नावाने घरोघरी पोहोचला.

पुढील काही दशके शाईपेन हे माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्याचे मुख्य साधन होते. ड्रॉपरने शाई भरणे, गळणारे पेन, खिशावरचा डाग आणि टीपकागद या गोष्टी अनेक पिढ्यांच्या शालेय जीवनाचा भाग होत्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बॉलपेन स्वस्त झाले आणि शाईपेनाचा वापर घटला. तथापि बॉलपेनाने अक्षर बिघडते, या समजामुळे अनेक शिक्षक त्यानंतरही शाईपेनाचाच आग्रह धरीत.

साधने

पेन

शाईपेनाचे निब, त्याखालील फीड, शाईची टाकी आणि टोपण हे मुख्य भाग असतात. निबाच्या मध्यभागी असलेल्या बारीक चिरेतून केशाकर्षणाने शाई टोकापर्यंत येते. फीडमधील खाचांतून शाई पुढे येत असताना तितकीच हवा टाकीत जाते आणि त्यामुळे प्रवाह एकसारखा राहतो. निब बहुधा पोलादाचे किंवा सोन्याच्या मिश्रधातूचे असते व त्याच्या टोकावर झीज रोखणाऱ्या कठीण मिश्रधातूचा कण बसवलेला असतो. शाई भरण्यासाठी थेट टाकीत ड्रॉपरने, दट्ट्याने ओढून किंवा तयार काडतूस बसवून, अशा तीन पद्धती रूढ आहेत.

शाईपेनाला कागदावर दाब द्यावा लागत नाही. त्यामुळे दीर्घ लेखनात बोटे व मनगट यांवर तुलनेने कमी ताण येतो. तिरप्या छाटलेल्या बोरूने देवनागरी अक्षरात जाड-बारीक फरक आपोआप येतो, तर गोल टोकाच्या निबाने रेषा सारख्याच जाडीची उमटते. रोजच्या वहीसाठी बारीक किंवा मध्यम निब सोयीचे ठरते. फार जाड निबाने अनुस्वार, वेलांट्या व जोडाक्षरांतील मोकळी जागा भरून जाते.

शाई

पारंपरिक मसी काजळी व डिंक यांपासून करीत. काजळी हे कार्बनचे रूप असल्याने तिचा रंग उजेडाने उडत नाही, मात्र पाणी लागल्यास डिंक विरघळून अक्षर फिसकटू शकते. हिरड्यासारख्या टॅनिनयुक्त फळांपासून व हिराकसापासून केलेली शाई कागदाच्या तंतूंत मुरून काळी पडते आणि पाण्याला बऱ्यापैकी टिकते, परंतु तिच्यातील आम्लता कालांतराने कागदाला अपाय करू शकते. आजच्या बहुतेक शाईपेनांची शाई पाण्यात विरघळणाऱ्या रंगद्रव्यांची असते. ती निबातून सहज वाहते आणि पेन धुणे सोपे जाते, पण भिजल्यावर वाहून जाण्याचा धोका तिच्याच बाबतीत सर्वांत जास्त असतो. ज्या नोंदी टिकवायच्या आहेत, त्यांसाठी जलरोधक म्हणून विकली जाणारी शाई वापरणे श्रेयस्कर असते. अशी शाई पेनात वाळू देऊ नये, अन्यथा फीड तुंबते.

कागद व वही

महाराष्ट्रात जुन्नर व दौलताबादजवळील कागजीपुरा ही हातकागदाची जुनी केंद्रे होती. घोटून गुळगुळीत केलेल्या हातकागदावर बोरू सहज चालत असे. आजच्या वह्यांत गिरणीचा कागद असतो. कागदाला पुरेशी खळ नसेल तर शाई तंतूंतून पसरते, यालाच शाई फुटणे म्हणतात. कागद पातळ असेल तर लिहिलेले मागच्या बाजूस उमटते. वही निवडताना कोपऱ्यात दोन शब्द लिहून पाहणे हा सर्वांत सोपा उपाय आहे.

हवामानाचाही परिणाम होतो. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेस महाबळेश्वर परिसरात वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेकडील माण-खटाव आणि सांगली जिल्ह्यातील आटपाडी व जत हे तालुके अवर्षणप्रवण आहेत. दमट हवेत कागद ओल धरतो आणि त्यावर शाई अधिक फुटते. कोरड्या उन्हाळ्यात टोपण उघडे राहिल्यास निबावरील शाई लवकर वाळते.

नोंदीच्या पद्धती

कीर्द व खतावणी

व्यापारी हिशोबात दिवसाचे सर्व व्यवहार घडतील त्या क्रमाने कीर्दीत लिहितात आणि नंतर प्रत्येक रक्कम खतावणीत त्या त्या व्यक्तीच्या किंवा विषयाच्या खात्यावर चढवतात. घाईत केलेली कच्ची नोंद व सावकाश उतरवलेली पक्की नोंद असाही भेद केला जातो. हळद, गूळ व बेदाणा यांची बाजारपेठ असलेल्या सांगलीत अडत्यांच्या पेढ्यांवर ही पद्धत दीर्घकाळ रूढ होती. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या वेळी नव्या वह्यांची पूजा करून पाडव्यापासून त्यांत लिहिण्यास आरंभ करण्याची प्रथा संगणकीय हिशोब आल्यानंतरही अनेक ठिकाणी टिकून आहे.

वैयक्तिक नियोजनातही हेच तत्त्व उपयोगी पडते. एका वहीत दिवसभरातील कामे, निरोप व खर्च सुचतील तसे लिहावेत आणि दिवसाच्या किंवा आठवड्याच्या शेवटी त्यांतील महत्त्वाच्या गोष्टी विषयवार पानांवर उतरवाव्यात. पानांना क्रमांक देऊन पहिल्या पानावर अनुक्रमणिका ठेवल्यास जुनी नोंद शोधणे सोपे होते.

रोजनिशी

रोजनिशीत तारीख, वार, ठिकाण आणि दिवसातील घटना यांची नोंद असते. काही जण केवळ घटना लिहितात, तर काही जण त्यांवरील आपले मतही नोंदवतात. नोंद त्याच दिवशी केलेली असणे हे रोजनिशीचे मुख्य वैशिष्ट्य आहे. पुढे काय घडणार हे लिहिणाऱ्यास ठाऊक नसते, म्हणून आत्मचरित्रापेक्षा तिची साक्ष वेगळ्या प्रतीची मानली जाते.

घरखर्चाची वही व दिनदर्शिका

दूध, वर्तमानपत्र, किराणा व गॅस यांची नोंद घरखर्चाच्या वहीत किंवा भिंतीवरील दिनदर्शिकेच्या चौकटीत करण्याची पद्धत मराठी घरांत सर्वत्र आढळते. जयंत साळगावकर यांनी १९७३ मध्ये सुरू केलेल्या 'कालनिर्णय'सारख्या दिनदर्शिका तिथी-सणांबरोबरच अशा नोंदींसाठीही वापरल्या जातात. ज्या दिवशी दूध आले नाही त्या तारखेवर फुली मारणे, हे या पद्धतीचे सर्वांत सुटसुटीत रूप म्हणता येईल.

शेतकऱ्याची डायरी

तासगाव व मिरज तालुक्यांतील द्राक्ष बागायतदारांच्या दृष्टीने डायरी हे उत्पादनाचेच साधन आहे. द्राक्षवेलीची एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी व ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी होते आणि त्यापुढील सर्व कामे छाटणीनंतरच्या दिवसांवर मोजली जातात. कोणत्या दिवशी कोणती फवारणी केली, औषधाचे प्रमाण किती होते, पाऊस किंवा धुके होते का आणि मजूर किती लागले, हे डायरीत लिहिले जाते. युरोपात जाणाऱ्या द्राक्षांत औषधांचे अवशेष ठरावीक मर्यादेत असावे लागतात, त्यामुळे निर्यातीसाठी नोंदवलेल्या बागेत फवारणीच्या नोंदी ठेवणे आवश्यक असते. औषध फवारल्यानंतर काढणीपूर्वी किती दिवस थांबायचे, हे तारीख लिहिलेली असेल तरच निश्चित सांगता येते. ऊस उत्पादक लागणीची तारीख, कारखान्याकडील नोंद व वजनाच्या पावत्या आणि दूध उत्पादक लिटर, फॅट व दर अशाच प्रकारे टिपून ठेवतात.

बुलेट जर्नल

अमेरिकी डिझायनर रायडर कॅरोल यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेली ही पद्धत अलीकडे तरुणांत लोकप्रिय झाली आहे. तीत कामासाठी टिंब, कार्यक्रमासाठी वर्तुळ व टिपणासाठी आडवी रेघ अशी चिन्हे वापरतात. महिन्याच्या शेवटी अपुरे राहिलेले काम पुढच्या महिन्यात हाताने पुन्हा लिहावे लागते. पुन्हा लिहिण्याचे श्रम घेण्याइतके ते काम महत्त्वाचे आहे का, हा विचार त्यामुळे आपोआप होतो. क्रमाने केलेली नोंद नंतर विषयवार लावण्याचे तिचे तत्त्व कीर्द-खतावणीशी मिळतेजुळते आहे.

उल्लेखनीय उदाहरण

देवराष्ट्रे येथे १९१३ मध्ये जन्मलेले आणि कराड ही कर्मभूमी असलेले यशवंतराव चव्हाण १९६२ ते १९६६ या काळात देशाचे संरक्षणमंत्री होते. १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धाच्या काळात त्यांनी दैनंदिनी लिहिली. तिच्या आधारे त्यांचे सचिव राहिलेले राम प्रधान यांनी लिहिलेले इंग्रजी पुस्तक २००७ मध्ये, म्हणजे चव्हाण यांच्या निधनानंतर दोन दशकांहून अधिक काळाने, प्रसिद्ध झाले. युद्धकाळातील निर्णयप्रक्रियेच्या अभ्यासकांसाठी ही दैनंदिनी प्रत्यक्ष सहभागी व्यक्तीने त्याच वेळी केलेली नोंद म्हणून महत्त्वाची ठरली. परदेश दौऱ्यांतून त्यांनी पत्नी वेणूताई यांना लिहिलेली पत्रेही पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आहेत.

उपयोग व मर्यादा

हाताने लिहिण्याच्या परिणामांविषयी मानसशास्त्रात बरेच संशोधन झाले आहे. पॅम म्युलर व डॅनियल ओपेनहायमर यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, संगणकावर टिपणे घेणाऱ्यांपेक्षा हाताने टिपणे घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी संकल्पनात्मक प्रश्नांची उत्तरे अधिक चांगली दिली. हाताने सर्व काही लिहून घेणे शक्य नसल्याने ऐकलेल्या मजकुराची निवड व मांडणी करावी लागते, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले. पुढील काळात हा प्रयोग पुन्हा करून पाहणाऱ्यांना तितका स्पष्ट फरक आढळला नाही, त्यामुळे हा निष्कर्ष अंतिम मानला जात नाही. मायकल स्कलिन व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ५७ तरुणांवरील प्रयोगात, झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढील कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे नऊ मिनिटे लवकर झोप लागली.

कागदी वहीला वीज किंवा जोडणी लागत नाही, मध्येच येणाऱ्या सूचनांनी लक्ष विचलित होत नाही आणि खोडलेला मजकूरही दिसत राहतो. नियमितपणे ठेवलेल्या हिशोबाच्या वह्यांना कायद्यातही मर्यादित स्थान आहे. भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम ३४ नुसार अशा वह्यांतील नोंदी पुराव्यात विचारात घेता येतात, मात्र केवळ त्या नोंदींवरून कोणावरही देणे शाबीत होत नाही. या अधिनियमाची जागा घेणाऱ्या २०२३ च्या कायद्यातही हे तत्त्व कायम आहे.

वहीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. तिची दुसरी प्रत आपोआप तयार होत नाही, तीत शब्द शोधता येत नाही, ती ठरलेल्या वेळी आठवण करून देत नाही आणि हरवल्यास सर्व नोंदी एकाच वेळी जातात. खाजगी मजकूर इतरांच्या हाती पडण्याची शक्यताही असते. म्हणून अनेक जण भेटीच्या वेळा व गजर यांसाठी मोबाइल आणि विचार, आखणी व हिशोब यांसाठी वही अशी विभागणी करतात.

जतन

कृष्णा व वारणा या नद्यांच्या पुरामुळे सांगली परिसरात कागदाच्या जतनाचा प्रश्न वारंवार उभा राहतो. सांगलीतील आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. त्या महापुरात घरे, दुकाने व ग्रंथालये यांतील पुस्तके, हिशोबाच्या वह्या आणि कागदपत्रे मोठ्या प्रमाणावर भिजून नष्ट झाली. २००५ व २०२१ मध्येही शहरात पुराचे पाणी शिरले होते.

भिजलेल्या कागदावर साधारणतः दोन दिवसांत बुरशी धरू लागते, त्यामुळे तत्काळ उपाय करावे लागतात. ओली पाने जोराने सुटी करू नयेत, कारण ती फाटतात. वही उभी ठेवून पाणी निथळू द्यावे, पानांमध्ये टीपकागद किंवा शाई नसलेला कोरा कागद घालून तो वरचेवर बदलावा आणि सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर वाळवावे. कडक उन्हात कागद आखडतो व रंग उडतो. एकाच वेळी सर्व वाळवणे शक्य नसल्यास वह्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गोठवून ठेवल्या तर बुरशीची वाढ थांबते आणि त्या पुढे सवडीने वाळवता येतात.

पूर्वकाळजी म्हणून वह्या जमिनीपासून उंच ठेवणे, भरलेल्या वहीवर वर्ष व विषय लिहिणे, महत्त्वाच्या पानांची छायाचित्रे काढून दुसऱ्या ठिकाणी ठेवणे आणि जलरोधक शाई वापरणे हे उपाय सांगितले जातात. घरातील जुन्या मोडी वह्या रद्दीत देण्यापूर्वी जाणकारांकडून वाचून घेणेही इष्ट असते, कारण जमीन, नातेसंबंध व गावातील घडामोडी यांच्या अन्यत्र न मिळणाऱ्या नोंदी त्यांत असू शकतात.

सद्यस्थिती

आज बहुतेक व्यवहारांची नोंद संगणक व मोबाइल यांवर होते आणि शाईपेन रोजच्या गरजेपेक्षा आवडीची वस्तू बनले आहे. परीक्षेत यश मिळवणाऱ्यास चांगले पेन भेट देण्याची पद्धत मात्र टिकून आहे. दसऱ्याला पाटीपूजनाच्या वेळी पुस्तकांबरोबर वही व पेन पूजेत ठेवले जाते. बागायतदारांची डायरी, दिनदर्शिकेवरील दुधाचा हिशोब आणि विद्यार्थ्यांच्या टिपणवह्या या रूपांत हाताने नोंद ठेवण्याची सवय दोन्ही जिल्ह्यांत चालू आहे.

हे सुद्धा पहा

रोजनिशी
मोडी लिपी
बोरू
शाई
दासबोध
वासुदेवशास्त्री खरे
यशवंतराव चव्हाण
रमाबाई रानडे